आयर्लंडची हजेरी

टार्निट, १ जून २०२५

ती. स्व. भाऊजींस,
चारुताचा सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर यापूर्वी आली नव्हती. सणावारी सरितावहिनींशी फोन व्हायचा आणि त्यात तुमची खुशाली कळायची. आता फोनने भागणार नाही म्हणून लिहिते आहे.

मार्चमध्ये निनादला स्ट्रोक आला हे तुम्हाला माहीत आहे. तो आता वेरिबीच्या हॉस्पिटलच्या रिहॅब वॉर्डात आहे आणि काठी घेऊन चालतो हेही वहिनींनी सांगितलं असेल. पण वहिनींना मी अर्धंच सांगत आले. त्याची भाषा गेली आहे, भाऊजी. आपण बोललेलं त्याला बरंचसं कळतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. चहा नाही, पाणी नाही, चारुता नाही. मराठी गेली आणि इंग्लिशही गेली. माझ्याकडे बघतो, ओठ हलवतो आणि मग मान फिरवून भिंतीकडे बघत राहतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला, त्याला घरी सोडायचं का हे ठरवायला, हॉस्पिटलवाल्यांनी फॅमिली मीटिंग ठेवली आहे. मी शहरात डॉकलंड्सला ऑफिसात, लेक नुपूर शाळेत, म्हणजे दिवसा तो घरी एकटा. त्याला गरज पडली तर स्वतःहून मदत बोलावता आली पाहिजे, एवढीच त्यांची अट आहे. ती जमली नाही तर घरी पाठवणार नाहीत, केअर होममध्ये ठेवतील. मी ते होम बघून आले. स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ आहेत, आणि तिथली सगळ्यात तरुण बाई माझ्या आईहून मोठी आहे. निनाद अठ्ठेचाळीसचा आहे. नोकरी सोडून घरी बसावं तर हप्ते थकून घरच राहत नाही. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात वॉर्डावरून अ‍ॅम्ब्युलन्सचं हेलिकॉप्टर गेलं आणि निनाद खिडकीकडे बघून स्पष्ट म्हणाला, अलूएत. मी दचकलेच. पुन्हा म्हण म्हटलं तर गप्प. नेटवर शोधलं तर हे कुठल्याशा जुन्या फ्रेंच हेलिकॉप्टरचं नाव निघालं. तुम्ही दोघं लहानपणी विमानांचं काही खेळत होतात ना? मला त्याने कधी धड सांगितलं नाही, सांगताना लाजायचा.

ते सगळं मला लिहून पाठवा. व्हिडिओ कॉल नको, स्क्रीनवर चेहरा दिसला की फोन उशीखाली ढकलतो. ब्रॉन्विन म्हणून त्याची स्पीच थेरपिस्ट आहे, ती म्हणते कागद बरा, कागद घाई करत नाही. तुम्ही हाताने लिहून फोटो पाठवा, मी लायब्ररीत प्रिंट काढेन. तुमचं अक्षर तो ओळखेल.

सासूबाई गेल्या तेव्हा कोविडमुळे इथल्या सीमा बंद होत्या, निनादला येता आलं नाही, आणि त्यानंतर तुम्ही दोघं बोलायचे थांबलात. त्यात मी पडत नाही. रागावलेले असाल तर रागावून लिहा, पण लिहा.

लोभ कमी झाला असेल तर थोडा उसना द्यावा, सध्या माझ्याकडचा संपत आला आहे.

आपली,
चारुता


नाशिक, ५ जून

चि. सौ. चारुता हिस गुरुदत्तचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर एक गिऱ्हाईक डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवून बसलं होतं, ते बिचारं भिंतीवरची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलं. शेवटी सरिताने येऊन त्याची सुटका केली. आम्ही दोघंही जेवलो नाही. व्हिसाचा अर्ज कालच भरला. किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही.

आईच्या वेळच्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही विचारू नकोस.

विमानांचं सांगतो. आमचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि आम्ही कॉलनीत राहायचो. तिथल्या लायब्ररीने रद्दीत काढलेलं एक पुस्तक त्यांनी घरी आणलं, जगातल्या सगळ्या देशांची वायुदलं त्यात होती. आम्ही ते वाटून घेतलं. मी थोरला म्हणून भारत, रशिया आणि अमेरिका माझ्याकडे. निनादने हट्ट धरला तेव्हा मी त्याला पुस्तकातलं सगळ्यात छोटं पान काढून दिलं, आयर्लंडचं. एवढंसं वायुदल की त्याच्या स्क्वाड्रन आणि विमानं मिळून पान भरत नव्हतं. मला वाटलं आता भोकाड पसरेल. तर स्वारी खूश, कारण ते अख्खं पाठ करता येत होतं. माझा रशिया आजतागायत पुरा झालेला नाही.

रोज संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही गॅलरीत हजेरी घ्यायचो. मी स्क्वाड्रनचं नाव पुकारायचं, त्याने विमानाचं नाव सांगायचं आणि पुढे 'परत' म्हणायचं. सगळी विमानं परत आली की मी गॅलरीतला दिवा मालवायचा. एखादं आलं नाही असं त्याला वाटलं तर दिवा तसाच राहायचा, मग आई ओरडायची की वीज काय तुमच्या आयर्लंडची आहे का. अलूएत हे त्याचं सुटकेचं हेलिकॉप्टर. जे विमान हरवेल त्याला आणायला ते जायचं. आपल्याकडे त्यालाच चेतक म्हणतात, पण निनाद कधी चेतक म्हणाला नाही, कारण चेतक माझ्या वायुदलात होतं.

सोबत वेगळ्या कागदावर पाच स्क्वाड्रनची नावं मोठ्या अक्षरात लिहिली आहेत. लाइट स्ट्राइक, ट्रेनिंग, आर्मी को-ऑपरेशन, मेरिटाइम, हेलिकॉप्टर. याच क्रमाने पुकार आणि थांब. उत्तरं मुद्दाम लिहीत नाही. तुला ठाऊक असली तर तुझ्या तोंडावर दिसतील. लहानपणीही तो माझ्या ओठांकडे बघून चोरायचा.

लोभाचा हिशेब आपल्यात नको. लागेल तितका घे.

तुझा,
गुरुदत्त


टार्निट, १५ जून

ती. स्व. भाऊजी,
सा. न. वि. वि.

बोलला. भाऊजी, बोलला. तुमचा कागद त्याच्या मांडीवर ठेवला तर आधी तो नुसता अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग मी लाइट स्ट्राइक म्हटलं आणि थांबले. बराच वेळ गेला. मी हिरमुसून कागद उचलणार एवढ्यात तो म्हणाला, मॅजिस्टर, परत. पुढचं विचारलं, मार्चेटी, परत. सेसना, परत. किंग एअर, परत. अलूएत, परत. तोच आवाज, आपल्या निनादचा, जरा घोगरा. मी वॉर्डातच रडले. शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी मला टिश्यूचा अख्खा डबा दिला.

ब्रॉन्विनला सांगितलं तर ती हरखलीच. ती म्हणाली, पुढच्या सेशनला मी स्वतः घेते आणि रिपोर्टमध्ये घालते. आज घरी येऊन मी तूप घालून शिरा केला. नुपूरने कशाबद्दल म्हणून विचारलं, तर मला धड सांगताही येईना.

१८ जून

वरचं पत्र पाठवायचं राहिलं, आणि बरंच झालं. ब्रॉन्विनने आज सेशन घेतलं. मुलगी प्रामाणिक, तिने आयरिश वायुदलाची सगळी माहिती नेटवरून काढून आणली होती आणि एकेक उत्तर ताडून पाहिलं. एकही बरोबर नाही. ती विमानं त्या देशाकडे नाहीतच, स्क्वाड्रनची नावंही तशी नाहीत. तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की स्ट्रोकनंतर माणसं असे निरर्थक शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात, त्याला फार अर्थ देऊ नये. तिने तसंच लिहिलंही आहे.

मी काय समजू? तीन दिवस मी हवेत होते. आता वाटतं, तो बोललाच नाही, नुसता आवाज निघाला. शिऱ्याचं पातेलं अजून फ्रिजमध्ये आहे, त्याच्याकडे बघवत नाही.

लोभ असू द्या, आशा मात्र देऊ नका.

चारुता


नाशिक, २० जून

चि. सौ. चारुतास आशीर्वाद.

आधी त्या ब्रॉन्विनबाईंना सांग की निनादला पाचपैकी पाच मार्क द्या.

त्यांनी कुठलं वर्ष पाहिलं? आजचं ना? आज त्या देशाकडे पीसी-नाइन आहेत, नवी इटालियन हेलिकॉप्टरं आहेत, समुद्रावर गस्त घालायला कासा आहेत. जेट लढाऊ विमान एकही उरलं नाही. हे सगळं मी काल नेटवर बसून पाहिलं. निनादने ते कधीच पाहिलं नसणार. आमचं पुस्तक ऐंशीच्या दशकातलं. त्या काळी त्यांच्याकडे मॅजिस्टर जेट होती, शिकाऊंसाठी मार्चेटी, लष्कराबरोबर काम करायला सेसना, समुद्रावर किंग एअर, आणि अलूएत. ती एकूण एक विमानं आता निवृत्त झाली किंवा म्युझियममध्ये गेली. तो त्या काळची हजेरी देतोय आणि एक अक्षर चुकलेला नाही. निरर्थक काय म्हणता त्याला? चूक माझी एवढीच की मी उत्तरं आणि साल लिहिलं नाही. पण परीक्षकाने कुठली आवृत्ती हातात आहे ते आधी बघायला नको? मी फार चिडलो आहे. सरिता म्हणते हे वाक्य खोड. खोडत नाही.

दुसरं. त्याच्याकडे पाच शब्द आहेत. पाचात माणूस पुष्कळ काही मागू शकतो. अलूएत म्हणजे सुटकेला धावून येणारं. तर अलूएत म्हणजे मदत, असं सगळ्यांनी ठरवून टाका. नर्सना सांगा, शेजारणीला सांगा. निनादला शिकवायची गरज नाही, त्याच्या लेखी त्याचा अर्थ तोच आहे.

शिरा टाकू नकोस, गरम करून खा.

लोभ वाढता ठेवणे हे माझ्याकडे लागलं.

गुरुदत्त


टार्निट, ६ जुलै

ती. स्व. भाऊजी,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी ब्रॉन्विनला इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं, चिडलेलं वाक्यसुद्धा. ती लालबुंद झाली, म्हणाली त्यांचं बरोबर आहे, आणि माझ्यासमोर रिपोर्ट बदलला. अलूएतची कल्पना तिला पसंत पडली. सगळ्या नर्सना सांगून झालं, बेडच्या वर हेलिकॉप्टरचं चित्रही लावलं.

आणि तरी काही उपयोग नाही, भाऊजी. विचारलं की उत्तर देतो. हेलिकॉप्टर स्क्वाड्रन म्हटलं की लगेच अलूएत. पण स्वतःहून एकदाही नाही. काठी खाली पडली तर तिच्याकडे बघत बसून राहतो. मंगळवारी बाथरूममध्ये पडला. लागलं नाही फारसं, पण नर्स फिरत फिरत आली तोवर तो गार लादीवर तसाच पडून होता, डोळे उघडे, तोंड बंद. दाराबाहेर माणसं ये-जा करत होती. ब्रॉन्विन म्हणते, त्याला उत्तर देता येतं, हाक मारता येत नाही, आणि घरी जायला हाकच लागते. तिने हे सांगितलं तेव्हा तिचेही डोळे भरले होते. त्याने काय होणार?

नुपूरचं आणखी वेगळंच. ती वॉर्डात यायची बंद झाली आहे. आधी होमवर्क सांगायची, मग पोट दुखतं. काल मी रागावले तेव्हा सगळं बाहेर आलं. बाबाला एरोप्लेन्सची नावं येतात आणि माझं येत नाही, म्हणाली. मी तिला खूप समजावलं, मेंदूत शब्द वेगवेगळ्या जागी असतात वगैरे, ब्रॉन्विनचंच सगळं. तिने ऐकून घेतलं आणि ओके म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. तेराव्या वर्षी मला तरी कुठे पटलं असतं?

इथे सध्या हिवाळा, मी सकाळी अंधारात ट्रेनने जाते, अंधारात परत येते, मधल्या वेळात टेबलाशी बसून कामाचं नाटक करते. केअर होमने फॉर्म पाठवलेत. टेबलावर पडले आहेत. हात लावला नाही.

तुमच्याकडे आणखी काही असेल तर पाठवा. नसेल तर तसं लिहा, म्हणजे मी फॉर्म भरायला घेईन. लोभ मागायचंही त्राण नाही.

चारुता


नाशिक, १० जुलै

चि. सौ. चारुतास,

फॉर्मना हात लावू नकोस. दुकान बंद ठेवून दिवसभर विचार केला.

हजेरी नेहमी मी घ्यायचो आणि तो द्यायचा. एकदाही उलटं झालं नाही. त्याने मागितलं नव्हतं असं नाही, खूप वेळा मागितलं, पण मी थोरला होतो. पुकारणं हे त्याचं कामच नव्हतं. ती बाई म्हणते त्याला हाक मारता येत नाही. मला वाटतं, हाक त्याला कोणी दिलीच नाही. खरं खोटं डॉक्टर जाणोत, मी चष्मे विकतो. सोबतचा कागद त्याला वाचून दाखव. रोज वाच. घरी आला की फ्रिजवर लाव.

व्हिसाचं अजून काही नाही.

गुरुदत्त


(सोबतचा कागद)

चि. निनाद यास,

आजपासून हवाई तळाचा प्रमुख तू. हजेरी तू घ्यायची. मी या कामातून निवृत्त झालो.

तुझी विमानं अशी. ट्रेनिंग स्क्वाड्रन, मार्चेटी: नुपूर. आर्मी को-ऑपरेशन, सेसना: चारुता, कारण तिलाच सगळी कामं पडतात. मेरिटाइम, किंग एअर: मी, लांब समुद्रापलीकडे आहे आणि जुना झालो आहे. मॅजिस्टर तुझं तुझ्याकडे, ते सध्या दुरुस्तीला आहे. अलूएत कोणाचंही नाही. ज्याला गरज असेल त्याच्यासाठी ते तू पाठवायचंस. तुझ्याशिवाय कोणाला तो अधिकार नाही.

दिवेलागणीला दिवा लाव. सगळी परत आल्याशिवाय मालवू नकोस. आई ओरडणार नाही.

तुझा दादा


टार्निट, २७ जुलै

ती. स्व. भाऊजी,
सा. न. वि. वि.

रोज वाचते आहे. पहिल्या दिवशी शेवटच्या ओळीला त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि छातीवर उपडा ठेवला. सासूबाईंबद्दलची ती ओळ त्याला कळली, नक्की कळली. त्यानंतर मात्र काही नाही. आणि आता हजेरीही गेली. मी लाइट स्ट्राइक म्हणते आणि तो माझ्याकडे असा बघतो, जसं काही मी त्याच्या जागेवर बसले आहे. होते ते पाच शब्दही आपण घालवले का? मला तुमचा राग आला होता. खरं तर अजून आहे.

मीटिंग लवकर घेतली. त्यांनी केअर होम म्हणूनच ठरवलं होतं. मी हात जोडले, अक्षरशः, त्या टेबलाशी. ब्रॉन्विनने माझी बाजू घेतली आणि तीन दिवसांची ट्रायल मिळाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो घरी राहील. दिवसा पलीकडच्या हरजीतभाभी कान ठेवतील, त्यांना अलूएतचं सांगून ठेवलं आहे. दुपारनंतर नुपूर शाळेतून येईल आणि मी येईपर्यंत त्याच्याजवळ बसेल. तीन दिवसांत त्याने स्वतःहून एकदा तरी हाक मारली पाहिजे. नाही मारली तर चौथ्या दिवशी तो जाईल. बॅग भरायला सांगितली आहे, दोन्हीकडे चालेल अशी.

मला आता तुमच्याकडून काही नको. फक्त त्या दिवसांत देवापाशी बसा.

चारुता


टार्निट, ९ ऑगस्ट

ती. स्व. भाऊजी,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षराकडे बघू नका.

पहिला दिवस गप्प गेला. दुसराही तसाच चालला होता. संध्याकाळी सदर्न क्रॉस स्टेशनला आले तर टार्निटच्या ट्रेन बंद, सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. बसमधून नुपूरला फोन लावला तर फोन बंद. मला वाटलं चार्जिंग संपलं असेल. ती घरी गेलीच नव्हती, भाऊजी. शाळेतून निघाली आणि शॉपिंग सेंटरच्या बाहेर बाकावर जाऊन बसली, फोन बंद करून, एवढ्या थंडीत. जिथे आपलं नावही कोणाला येत नाही त्या घरात बाबाबरोबर एकटं बसायचं नव्हतं तिला. आणि मला हे काहीच माहीत नव्हतं.

पुढचं हरजीतभाभींकडून कळलं. अंधार पडला तसा निनादने पोर्चचा दिवा लावला. नंतर त्यांच्या दारावर काठीचे दणके. त्या दार उघडतात तर समोर निनाद, पायात चप्पल नाही, आणि अलूएत अलूएत म्हणून ओरडतोय. त्यांना वाटलं पडला, कुठे लागलं. बसवायला गेल्या तर बसेना. त्यांचा हात धरून आमच्या घरात ओढत आणलं, फ्रिजपाशी, आणि तुमच्या कागदावर बोट ठेवलं. मार्चेटी म्हणाला आणि मान हलवली, नाही, नाही. भाभींना हिंदी वाचता येतं, मार्चेटीपुढे नुपूर लिहिलेलं त्यांनी वाचलं. मला म्हणाल्या, मैं तो समझ गई, बच्ची घर नहीं आई. तशाच गाडी घेऊन निघाल्या आणि दोन गल्ल्या सोडून ती बाकावर सापडली, ओठ निळे पडलेली.

मी पोहोचले तेव्हा तिघं पोर्चमध्ये होती. भाभींनी कितीदा सांगितलं तरी तो आत जायला तयार नव्हता. नुपूर गाडीतून उतरली तेव्हा तिच्याकडे बघून म्हणाला म्हणे, मार्चेटी, परत. आणि ती तिथेच पायरीवर बसून हुंदके द्यायला लागली. आपण शिकवत होतो स्वतःसाठी मदत मागायला. स्वतःसाठी त्याने अजूनही मागितली नाही. माझ्या पोरीसाठी मागितली.

ब्रॉन्विनला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. ती म्हणाली की हे मी जसंच्या तसं लिहिते. काल दुपारी निर्णय आला. निनाद घरी राहील. दर महिन्याला तपासायला येतील, काही बिघडलं तर पुन्हा विचार करतील, आणि बिघडूही शकतं, मला ठाऊक आहे. पण फॉर्म मी रद्दीत टाकले.

तुमच्यावरचा राग गेला. लोभाचं आता तुम्हीच बघा, माझ्याकडे इतका झाला आहे की ठेवायला जागा नाही.

चारुता


टार्निट, १७ ऑगस्ट

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

आई म्हणाली की सुरुवातीला नमस्कार लिहायचा आणि शेवटी लोभ. मी संडेच्या मराठी शाळेत जाते, पण पत्र पहिल्यांदाच लिहिते, म्हणून स्पेलिंग बघू नकोस.

मला सॉरी म्हणायचं होतं, कारण सगळ्यांना माझ्यामुळे टेन्शन आलं. आईला म्हणून झालं. हरजीत आंटीला पण. बाबाला म्हटलं तर त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, डाव्या हाताने, कारण उजवा अजून नीट उचलत नाही.

बाबाने माझं नाव अजून घेतलं नाही. मार्चेटी म्हणतो. मी नेटवर तिचा फोटो बघितला, छोटी आहे आणि ऑरेंज, तशी क्यूट आहे. माझ्या फ्रेंड्सना मी सांगितलं नाही. पण स्कूलमधून आले की आता मीच दारात म्हणते, मार्चेटी परत.

एक प्रॉब्लेम आहे. बाबा रोज पोर्चचा लाईट लावतो. मी आले की माझ्याकडे बघतो, आई आली की आईकडे बघतो. मग आम्हाला वाटतं आता बंद करेल. तो बंद करतच नाही. आईने केला तर परत उठून लावतो. आई म्हणाली की वीज काय आयर्लंडची आहे का, आणि मग तीच हसायला लागली, मग रडायला. मी फ्रिजवरचा पेपर नीट वाचला तेव्हा मला कळलं. किंग एअर परत आलं नाही म्हणून.

तू कधी येणार? व्हिसाचं बघ ना प्लीज.

लोभ म्हणजे ग्रीड असं आमच्या टीचरने सांगितलं होतं, म्हणून तो कसा मागतात ते मला माहीत नाही. तू ये, एवढंच.

तुझी,
नुपूर


नाशिक, २५ ऑगस्ट

चि. निनाद यास,

तळप्रमुखांना कळवण्यात येतं की व्हिसा आज सकाळी आला. येत्या शनिवारी निघतो, रविवारी तुझ्या दारात. सरिताने बेसनाचे लाडू बांधायला घेतलेत. तिकडच्या कस्टमवाल्यांना ते चालतील की नाही याचा तिला घोर लागला आहे.

मी चौपन्न वर्षांचा झालो आणि अजून विमानात बसलेलो नाही, हे तुला ठाऊक आहे. दिवा मी समोर आल्यावर मालव, त्याआधी नको.

बाकी सगळं भेटीअंती.

किंग एअर